चार-चार चिंचोके

माय, तू चिंचोक्यांच्या खेळात लबाडी करत नव्हतीस, एवढेच मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. खरे तर हे काम तुझे होते. आरोप तुझ्यावर झाला होता, उत्तर तुझ्याजवळ होते आणि तू ते चुलीत लाकूड सारता सारता एका वाक्यात उरकून टाकलेस. सिद्धता अशी देतात का?

प्रथम नियम. मूठभर चिंचोके न मोजता जमिनीवर टाकायचे. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती, तो जिंकला. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली असतील. वर्ध्याच्या कॉलेजात गणित आणि तर्कशास्त्राचे पहिले वर्ष संपवून मी सुटीत पवनारला आलो आहे. दुपारी स्वयंपाकघरात तू, मी आणि शेजारची काकू, जी केवळ माझा पराभव पाहायला बसली आहे. तू मूठ टाकतेस, तळव्याने चिंचोके पसरतेस, एकवार पाहतेस आणि कधी म्हणतेस, "तू घे पहिले", कधी, "मी घेतो पहिले". सहा डाव झाले. सहाही तू जिंकलीस.

"कालेजात काय शिकवून राह्यले रे तुले?" काकू म्हणाली. "अंगठेबहाद्दर मायनं लोळवलं!"

"माय, तू काऊन जिंकतं, त्याचं कारण सांग," मी म्हणालो.

"कारण काय सांगाचं बापा? चार चार निंगून जाते. वर उरले तं मी पहिले उचलतो. नाई उरले तं पहिले तुले उचलाले लावतो."

"हे कारण नाई झालं. तू लबाडी करून राह्यली."

काकू हसायची थांबली. तू चिंचोके डब्यात भरलेस, "बरं" म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस. त्यानंतर तू कोणाशीच खेळली नाहीस. मी दोनदा डबा पुढे केला. "लबाडासंग कायले खेळतं?" एवढेच उत्तर.

आता सिद्धता. समोरच्याने एक घेतला तर आपण तीन घ्यावेत, दोनाला दोन, तिनाला एक. म्हणजे प्रत्येक फेरीत चारच जातात. ढिगात चाराचे पूर्ण गट असतील तर दुसरा जिंकतो. वर काही उरले तर ते उचलणारा पहिला. तू जन्मभर गोवऱ्या दोन हातांत दोन-दोन घेऊन रचल्यास. तुला चार मोजावे लागत नसत, दिसत असत. तुझ्या वाक्यात एक पायरीही कमी नव्हती. मग "थांब, दाखवतो" एवढे म्हणायला काय झाले होते? एक डाव सावकाश खेळली असतीस तर पुढची सगळी वर्षे वाचली असती! तुझ्या त्या "बरं"चा मला आजही संताप येतो.

हे मला सुटी संपताच वसतिगृहात, कागदावर ठिपके काढताना उमगले. तू त्यानंतर एकोणीस वर्षे होतीस. मी बोललो नाही.

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून एक चूक सहीनिशी मान्य करतो. मी गणिताचा मास्तर झालो. दर वर्षी नव्या वर्गात पहिल्या तासाला हाच खेळ मांडला. मुले विचारत, "सर, हा कुठून आणला?" मी सांगत असे, "एका जुन्या पुस्तकातून." असे पुस्तक नव्हते.

तुझा थोरला