सॉरी, पण कशाबद्दल?

गोडादरा, सुरत
ता. ८ जानेवारी २०२४

श्रीयुत वाल्मिक सर यांस,
मंगलाचा नमस्कार वि. वि.

चि. लिहायला हात गेला होता, आवरला. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, म्हणून हे पत्र. माय जाऊन दोन महिने झाले. शेवटचे एकवीस दिवस ती माझ्याकडे अंथरुणावर होती आणि तिचा एकुलता एक मुलगा अर्ध्या तासावर, पालमध्ये राहत होता. तू आलास तो थेट स्मशानात. मग मोबाईलवर एक मेसेज, सॉरी ताई, शेजारी जोडलेल्या हातांचं चित्र. अरे, सिटी बसमध्ये पायावर पाय पडला तरी माणूस एवढं म्हणतो!

गायत्रीचं लग्न अठरा फेब्रुवारीला आहे. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तुझं सॉरी नक्की कशाबद्दल, ते मराठीत लिहून पाठव. नाहीतर बमरोलीचा आपला चुलतभाऊ चेतन उभा राहील, त्याला सांगून ठेवलंय. सख्खा असताना चुलत का, म्हणून लोक विचारतील. विचारू देत.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.
मंगला

पाल, सुरत
ता. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलंस ते मुद्दामच, हे न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. शिपायानं स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत हातात दिलं. बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. सॉरीचा अर्थ मला तू शिकवू नकोस. दिलगीर आहे, खेद वाटतो, क्षमस्व, माफ कर, पश्चात्ताप होतोय. घे, समानार्थी शब्द दिले, आवडेल तो ठेवून घे.

तेव्हा परीक्षा चालू होत्या, हे तुला कळवलं होतं. शाळेतली नोकरी म्हणजे घरी बसून साड्यांना खडे चिकटवणं नव्हे, की वाटलं तेव्हा उठावं. मायचं केलंस, मान्य. पण ते दर वेळी तोंडावर फेकायचं? चेतनला खुशाल उभा कर. माझं काही अडत नाही.

शर्वरी आणि मुलांचा नमस्कार.
वाल्मिक

गोडादरा
ता. २० जानेवारी

वाल्मिक सर,
आज नमस्कारसुद्धा नाही.

नववीत बक्षीस मिळालेली डिक्शनरी तू मला दिली होतीस, ताई तूपण शीक म्हणून. ती काढून बसले. तुझे सगळे शब्द सापडले. दिलगीर आमच्या सोसायटीच्या नोटिशीत असतं, उद्या पाणी येणार नाही म्हणून. खेद गाडी उशिरा असली की रेल्वेलाही होतो. क्षमस्व गायत्रीच्या पत्रिकेत खाली छापलंय, नजरचुकीनं कुणाला बोलावणं राहिलं तर. माफ कर तर दारातल्या भिकाऱ्याला म्हणतात, पुढे जा बाबा. आणि पश्चात्ताप होतोय म्हणणाऱ्याला झोप लागते का, ते शर्वरीला विचारीन.

दोन नोव्हेंबरचा गुरुवार आठव. मी साड्या पोचवायला गेले होते. मायनं शेजारच्या उषाबाईंच्या फोनवरून तुला फोन लावला. मी परतले तर म्हणाली, नंबर चुकला. उषाबाईंनी तो माझ्या वहीत बघून लावला होता, अंक न् अंक बरोबर. आता बोल की!

खडे चिकटवणारी मंगला

पाल
ता. २९ जानेवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

नंबर चुकला नव्हता. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो, हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर होता. हेडमास्तर समोर बसले होते. माय मोठ्यानं अहिराणीत विचारायला लागली, कव्हय येशी रे भाऊ, तुले देखनं शे. एक मॅडम हसल्या. आपले वडील बँकेत होते असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय. मिलमध्ये होते हे कुणालाच माहीत नाही. मी रॉंग नंबर छे म्हणालो आणि फोन कापला. माझ्या मायला, ताई.

परीक्षा वगैरे सब झूट. नंतर यायला तोंडच उरलं नव्हतं. एकदा तुझ्या गल्लीच्या नाक्यापर्यंत येऊन परत गेलो. याला कुठलाच शब्द मला सापडत नाही. चेतनला उभा कर. तेच बरं.

तुझा आशीर्वाद मागायची हिंमत नाही.
वाल्मिक

गोडादरा
ता. ३ फेब्रुवारी

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हातातलं पातेलं आपटलं, त्याला पोचा आलाय. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही आज वाटत नाही.

मायनं तुझा आवाज ओळखला होता. मला सगळं तेव्हाच कळलं होतं, पण ते तुझ्या तोंडून हवं होतं. मी पुन्हा फोन लावायला गेले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, भाऊ चारचौघांत बसलाय, त्याला लाज वाटेल, राहू दे. आणि जाण्याच्या आदल्या दिवशी मला बजावलं, की पोरीच्या पाठीशी त्यालाच उभं कर. म्हणून चेतनला मी काही सांगितलंच नव्हतं.

सतराला सकाळी हळद आहे. मांडव माणसांनी भरलेला असेल. तुझ्या हेडमास्तरांनाही पत्रिका टाकली आहे. मायचा फोटो दारासमोरच लावलाय. उंबऱ्याबाहेर उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला सांग, माय, मी उनू. कधी येशील म्हणून ती विचारून गेलीय, आलो म्हणून तिला उत्तर दे. मग आत ये.

तुझी ताई,
मंगला