वडाभात कुणाच्या घरचा

१४ मे, गुरुवार
सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. फुटबॉल क्लबच्या पोरांनी केलाय, आपल्या जुन्या चॅम्पियन टीमबद्दल. बोलतेय रजनी. केस सेट केलेले, मागे नवऱ्याच्या, दिलीपच्या, ट्रॉफ्या. म्हणते, "लीगच्या आधीचा तो उन्हाळा कसा विसरणार! टीम आमच्याकडे जेवायला यायची. एकदा आईनं वडाभात केला, सगळे पोटभर जेवले आणि सरावाच्या मॅचमध्ये पाच गोल खाऊन आले." मग ते तिचं हसणं. खाली टाळ्या, बदाम, जोडलेले हात.

वडाभात आमच्या घरी झाला होता. माझ्या आईनं केला होता. रजनी तो अख्खा उन्हाळा अमरावतीला मावशीकडे होती. कॉलेज उघडल्यावर आली, तेव्हा ही गोष्ट तिला मीच सांगितली, तिच्याच गच्चीवर बसून. आता ती जगाला सांगतेय, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगतेय.

चहा गार. प्र. म्हणाला, "काहून वं, तोंड काहून पाडलं?" काही नाही म्हटलं.

१५ मे
ऑफिसात कानात वायर घालून पुन्हा पाहिला. जळफळाट होतोय, दुसरा शब्द नाही.

शेवटी प्र.ला सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारतो काय, "दिलीपवर लाइन होती का तुझी?" लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि हे विचार. पुरुषांना दुसरं काही सुचतच नाही.

दिलीप मला तेव्हाही नको होता. रजनीनं लग्न केलं तेव्हा मी मनापासून नाचले वरातीत. तिनं स्ट्रायकर खुशाल न्यावा. पण तो उन्हाळा माझा होता, त्याला तिनं हात लावायचा नव्हता.

१७ मे, रविवार
बेसाहून पहाटे स्कूटीवर निघाले, तोंडाला दुपट्टा बांधून. धरमपेठेत पोचले तर ग्राउंडवर प्रॅक्टिस सुरू झालेली. यंदा पुन्हा वरच्या लीगमध्ये आलोय, त्यामुळे जोर आहे. प्लास्टिकचे शंकू, रंगीत जाळीचे बनियन, शिट्टीवाला नवा कोच. आमची गल्ली समोरच. आमच्या घराच्या जागी आता चार मजले आणि खाली दातांचा डॉक्टर.

त्या घराच्या ओट्यावरून मी ती प्रॅक्टिस पाहायची. बी.ए.चं पहिलं वर्ष होतं. मास्तर म्हणजे तेव्हाचे कोच, ऊन चढायच्या आत सगळं उरकायचे. सेमिनरी हिल्सपर्यंत पळत जाणं-येणं, मग दगडासारख्या ग्राउंडवर पासिंग. बाबा बादलीभर पन्हं घेऊन उभे. आमच्या टीमनं तोवर काहीच जिंकलं नव्हतं. पेपरात नाव यायचं ते हरलेल्यांच्या रकान्यात.

बाहेरगावची पोरं वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे खोली घेऊन राहायची. त्यांच्या जेवणाचे हाल पाहून बाबांनीच वार लावून दिले. गल्लीतल्या प्रत्येक घराला एक वार, त्या वारी एक खेळाडू त्या घरी जेवणार. आमचा गुरुवार, आमच्याकडे दिलीप. देशपांडेकाकूंना गोलकीपर मिळाला म्हणून त्या आठवडाभर आईशी बोलल्या नव्हत्या. मग काय, घराघरांत चढाओढ. एकीनं शिरा केला की दुसरी पुरणाचा घाट घालणार. आईनं वडाभात केला तो या सगळ्यांच्या वरताण म्हणून, आणि दिलीपबरोबर अर्ध्या टीमला बोलावून. भातावर डाळीचे तळलेले वडे कुस्करून, वर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल. त्याच दुपारी कामठीच्या टीमशी सरावाची मॅच. पोरं पोट धरून धावत होती. पाच गोल. मास्तर आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाले, "साहेब, तुमी माझी टीम मारून राहिले." आम्ही महिनाभर हसलो त्यावर.

फायनल मला नीट आठवतही नाही. गर्दी, गुलाल. जिंकल्यावर टीम सगळ्या नागपूरची झाली. त्या उन्हाळ्यात ती फक्त आमच्या गल्लीची होती.

आज पहिल्यांदा त्या नव्या पोरांच्या चाहत्यांचाही हेवा वाटला. त्यांचं सगळं अजून व्हायचंय.

१८ मे
रजनीला फोन केला. गोड बोलली. तब्येत बरी आहे का, प्र. कसा आहे. मग मी विषय काढला.
"रजने, तो वडाभात आमच्याकडचा होता वं."
"हो का? अवं एकच गल्ली, एकच घर होतं आपलं."
"एक कसं? तू तं अमरावतीले होती."
मग म्हणाली, "सुले, राहू दे ना. काय फरक पडते?"

फरक पडतो. आई-बाबा गेले. त्यांच्या नावाची एक गोष्ट उरली होती या गावात, तीही हिनं नेली. आणि वार हा शब्दसुद्धा तिनं व्हिडिओत घेतला नाही. म्हणे 'जेवायला यायची'. जणू पाहुणे.

१९ मे
क्लबच्या सेक्रेटरीला फोन. लीगच्या पहिल्या मॅचच्या आधी जुन्या टीमचा सत्कार आहे, १४ जूनला. रजनी बोलणार आहे म्हणे, "खेळाडूंच्या घरच्यांतर्फे". मी म्हटलं, चाहत्यांतर्फे मी बोलते. तो आं-ऊं करत होता. बाबांचं नाव सांगितलं, तेव्हा पाच मिनिटं दिली.

मिळाली. वार कसे लागले, कुणी लावले, वडाभात कुणी केला, सगळं सांगणार. रजनी शेजारी बसलेली असताना.

२१ मे, गुरुवार
ग्राउंडवर आकाश नावाचा एक मुलगा आहे, काटोलकडचा, स्ट्रायकर. कुरिअरच्या गोदामात काम करतो, वाडीला राहतो. अजूनही वाडीच. प्रॅक्टिस झाली की सगळे तर्रीपोह्याच्या ठेल्यावर, हा एकटा पाणी पिऊन सायकल काढतो. दिलीपसारखाच डाव्या पायाचा.

आज गुरुवार. मी डबा नेला. पोळ्या, वांग्याची भाजी, गुळाचा खडा. सगळ्यांसमोर हाक मारली. जरा ओशाळला, पण घेतला. "काकू, काहून तकलीफ घेतली?" कंपाउंडच्या भिंतीमागे सावलीत जाऊन जेवला, डबा धुऊन आणून दिला. शहाणा आहे.

काय बरं वाटलं. रजनीकडे ट्रॉफ्या असतील, माझ्याकडे यंदाचा स्ट्रायकर आहे. डब्यासकट त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या घरचा गुरुवार पुन्हा सुरू'. खूप बदाम आले. रजनीनं पाहिला. काही लिहिलं नाही. तेवढं पाहून पोळी गोड लागली.

२८ मे, गुरुवार
आजही डबा, प्रॅक्टिसच्या मधल्या सुट्टीतच. भरली ढेमसं. "लई झालं, काकू," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याएवढी पोरं आमच्या घरी याच्या दुप्पट जेवायची. खाल्लं सगळं. नंतरच्या पळण्यात मागे पडत होता, ऊन फार आहे.

भाषण लिहायला घेतलं. छान होतंय. रजनीचं नाव कुठेच घेत नाही, पण जिला कळायचं तिला बरोबर कळेल.

४ जून, गुरुवार
लिहू की नको.

आज दिलीप आला होता प्रॅक्टिस पाहायला. गुडघ्यांची वाट लागलीय, काठी घेऊन. मी आकाशला डबा दिला, तो भिंतीमागे गेला. दिलीप माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ ग्राउंडवर थांबलेल्या पोरांचे व्यायाम बघत होता. मग:

"ताई, एक बोलू? राग नोका मानू. त्याले चारचौघांत डबा नोका देत जाऊ. अन् फोटो तं बिलकूल नोका टाकू."
"काहून दिलीपभाऊ?"
"मी खाल्लं ना असं. घास उतरत नव्हता मले."

मी म्हटलं, आमच्या घरी? आई तर किती प्रेमानं...

"माऊली होती तुमची आई. तिच्याबद्दल एक शब्द नाही माझा. पन ताई, दुसऱ्याच्या घरी वार लावून जेवनाऱ्याले नाही म्हनता येत नाही. बाबा म्हनत, अजून घे, आई वाढत राहे. ताटात टाकलं तं म्हनतीन, पोरगा माजला. त्या वडाभाताच्या दिवशी सारे गळ्यापर्यंत भरले होते. कोनी नाही म्हनलं नाही. मंग पाच गोल खाल्ले, अन् गल्ली आमच्यावर हसली. तुमी ओट्यावर बसून हसून राहिले होते, मले दिसत होतं."

एवढं बोलून तो कोचकडे गेला, काहीच न झाल्यासारखा. तिथून मला हात केला. मला स्कूटीची चावी सापडेना, हातातच होती.

५ जून
रजनीला फोन. विचारलं, तुला माहीत होतं?

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगतलं त्यानं. ताटावर आग्रह केला का उठून जाये. मंग एकदा रात्री, म्हणजे, सांगतलं."
"मले काहून नाही सांगतलं?"
"तुले काय सांगू? तुझ्या मायच्या वाढण्याचं त्याले दुःख होतं असं सांगू?"
मग म्हणाली, "म्हून मी म्हणते आमच्या घरी. सासरी जेवला तं तो जावई झाला, वाराचा पोरगा नाही राहत. लेकरंही तसंच ऐकत मोठी झाली. आता तर तोही हसते त्या गोष्टीवर. तुले मी चोरटी वाटली असन."

वाटली. अजूनही वाटते, पण वेगळ्या वस्तूची. दिलीपसाठी वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सगळ्यांत आधी आलं ते हेच, की ओट्यावर रोज मी बसायचे, कोण कसा पळतो, कोण कुठल्या पायानं मारतो, मला पाठ. आणि तो गुरुवारी आमच्या पाटावर बसून काय गिळत होता ते मला दिसलं नाही, अमरावतीला बसलेलीला कळलं. त्या उन्हाळ्याचा खरा भाग तिच्याकडे होता आणि मी नुसती सालं मिरवत होते.

८ जून
भाषण वाचून पाहिलं. चांगलं आहे, तीच पंचाईत. 'वार' आला की बाबा येतात, आई येते. आणि दिलीप पहिल्या रांगेत बसलेला, पोरं-सुना घेऊन. वार काढला तर माझ्याकडे सांगायला काही उरतच नाही. "मी फार टाळ्या वाजवल्या" एवढंच.

प्र. म्हणतो, नको बोलू, सोपं आहे. त्याच्या आई-बाबांची गोष्ट कुणी व्हिडिओत नेलेली नाही, त्याला सोपंच आहे. बाबांचं काय चुकलं? उपाशी पोरं होती, त्यांना जेवू घातलं. चूक कुणाची ते शोधत बसले तर कुणाचीच सापडत नाही, तरी दिलीपचा घास अडकला तो अडकलाच.

११ जून, गुरुवार
डबा नेला नाही. आकाश प्रॅक्टिस संपवून आला, माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. सुटला की हिरमुसला, कळेना. मग विचारलंच. "आकाश, खरं सांग, डबा आणते ते तुले आवडते का रे?"

बूट सोडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुमी आणता म्हून खातो, काकू."
"म्हणजे नको होतं?"
"भूक तं असते." लेस ओढत राहिला. "पन डब्यापायी नोका येत जाऊ. रविवारी मॅच पाहाले या. मी सुरुवातीपासून खेळून राहिलो."

सायकल काढून गेला. इतके दिवस मी त्याच्या शॉट्सकडे किती पाहिलं? डबा संपला का, एवढंच बघत होते.

१४ जून, रविवार
दुपारी सेक्रेटरीचा फोन. "ताई, बोलणार ना? पत्रिकेत नाव आहे." हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

जांभळी साडी काढली, मग ती ठेवून निळी. भाषणातलं वडाभाताचं पान बाजूला केलं, परत लावलं. आईचा फोटो टेबलावर आहे. तिला कधी वाटलं असेल का, की दिलीप मान खाली घालून जेवतो? ती म्हणायची, लाजाळू आहे पोर.

आता रजनीचा मेसेज आला. 'तुझी खुर्ची माझ्या बाजूला ठेवली आहे. दिलीपशी बोलले मी. तो म्हणतो, ताईंना जे सांगायचं ते सांगू दे. माझीही हरकत नाही.'

वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या आत जळलेही. मोठं मन दाखवायची संधीसुद्धा हिनंच आधी घेतली. आता मी बोलले तर तिच्या परवानगीनं बोलले, आणि गप्प बसले तर दिलीपचं झाकून तिच्यासारखीच वागले.

प्र. खाली हॉर्न वाजवतोय. सगळी पानं पर्समध्ये घातली आहेत. आकाशची मॅच चुकायला नको, निघते.