एक थाप म्हणजे थांब

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी लागली आणि गाडी अशी मिळाली की बघतच राहावं. बंद कंटेनर, मागे दोन भक्कम दारं, कुलूप आणि त्यावर नंबर छापलेलं सील. जुन्या ठिकाणी ताडपत्रीखालून माल जायचा. एकदा तर मी चहा पीत असताना गाडीची बॅटरीच काढून नेली, आणि चोर कोण, तर म्हणे मी! लेखी काही नव्हतं, त्यामुळे तोंड उघडायची सोय राहिली नाही. म्हणून ही वही.

इथे मेव्हण्याने शब्द टाकलाय. तो याच कंपनीत मेकॅनिक आहे. माझ्या भावाची मान खाली जाईल असं काही करू नका, असं बायकोने निघताना दोनदा बजावलं. गेटवाले काका भला माणूस. गाडीच्या अंगावर दोन थापा म्हणजे जाऊ दे, एक थाप म्हणजे थांब, असं त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, काका, हे मी आईच्या पोटातून शिकून आलोय.

५ तारीख, बुधवार
इथले नियम मला आवडले. निघताना सीलचा फोटो ऑफिसला पाठवायचा. वाटेत उगाच थांबायचं नाही, कारण उभी गाडी म्हणजे चोराची चंगळ. थांबलोच तर मागची दारं भिंतीला इतकी चिकटवायची की मधून हातही जाऊ नये. सील तोडणार फक्त माल घेणारा. ड्रायव्हरने हात लावला की तो चोर.

पहिली खेप सुरळीत झाली. पाण्याच्या पंपांची दोनशे चाळीस खोकी, सगळी पोचली. पुलाच्या अलीकडे मागून एक थाप ऐकू आली आणि सवयीने ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर रस्ता मोकळा, सील जागच्या जागी. एखादं खोकं घसरलं असेल.

८ तारीख, शनिवार
एक खोकं कमी. कुलूप तेच, सील शाबूत, नंबर तोच. ऑफिसातल्या चष्मेवाल्याने कॉम्प्युटर वळवून दाखवला. भर दुपारी तीनदा का थांबलात? मी सांगितलं, थाप ऐकू आली. तो हसला असता तर बरं वाटलं असतं. सील शाबूत म्हणजे आत कोणी नाही, असं म्हणून त्याने माझ्या नावापुढे ‘विनाकारण थांबा’ लिहिलं. सील शाबूत असताना मी चोरलं तरी कसं, असं विचारलं, तर म्हणतो ते तुम्हीच सांगा. डोकं फुटायची वेळ आली.

११ तारीख, मंगळवार
पुन्हा एक कमी. आज पाच थापा, पाच वेळा थांबलो, पाच वेळा लिहिलं गेलं. मेव्हण्याने सगळा कंटेनर ठोकून पाहिला, साधं भोक नाही. मग बाजूला नेऊन हळूच म्हणाला, “दाजी, थाप आली तरी थांबू नका. आधीचा ड्रायव्हरही थापांचंच बोलायचा.”

तो कुठे आहे, असं विचारलं. एकदा म्हणे गाडी ठिकाणावर लागली, सील शाबूत होतं, ड्रायव्हर तेवढा नव्हता. कंपनीने ‘पळाला’ असं लिहून विषय मिटवला.

१३ तारीख, गुरुवार
थांबलो नाही. अख्खा रस्ता एकेक थाप. आधी मागच्या दारांवर, मग मधे कुठेतरी, मग अगदी माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर. रडकुंडीला येऊन ऑफिसला फोन केला, सील तोडून बघू का? चष्मेवाला म्हणाला, तोडा, म्हणजे तुमचीही नोकरी गेली आणि मेव्हण्याचीही.

तिसरं खोकं कमी. आणखी एक गेलं की दोघेही घरी.

१५ तारीख, शनिवार, सकाळ
आज भरताना मीच आत उभा आहे. पार पुढच्या टोकाला, वही हातात. एकेक खोकं मोजून घेतोय. दोनशे एकोणचाळीस. शेवटचं आणायला हमाल गेलेत. बघू आता कोण

नंतर
दारं बंद केली. मी आत आहे. ओरडलो, खोक्यांवर चढून मागे आलो, ओरडलो. बाहेर काकांनी सीलचा नंबर मोठ्याने वाचला. कोणीतरी त्यांना तो परत म्हणून दाखवला.

गाडी सुरू झाली. किल्ली माझ्या खिशात आहे —

नंतर
फोन लागला. चष्मेवाल्याला सांगितलं, मी कंटेनरमध्ये अडकलोय. तो वैतागला. म्हणाला, “मस्करी बंद करा. फोटो आत्ताच आलाय तुमच्याकडून. सील शाबूत आहे, आत कोणी नाही.” आणि ठेवला.

मी काय म्हणू — मी आहे ना आत —

काही वेळाने
मोबाइलच्या उजेडात लिहितोय. हवा कोंदट. दारावर एक थाप मारली. पुन्हा एक. हात सुजला. पुढे जो कोणी आहे त्याला ऐकू येतंय का —

वेग कमी होतोय. हो, ऐकलं त्याने. थांबतेय. थांबली. आता उतरेल, मागे येईल —

खोक्यांआडून कोणीतरी पुढे सरकलं. माझ्या कानाजवळ, पत्र्यावर, दोन था