घाबरटांसाठीची सूचना

प्रिय ताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरा आहे. थोडा खोकला आहे, पण जेवणखाण व्यवस्थित. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या शिलाई कारखान्यातले कटिंग मास्तर म्हणजे स्वतःला सर्वज्ञ समजणारा माणूस. कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावू देत नाहीत, औषध मात्र अंदाजपंचे. मंगळवारी सर्दी झाली, तर रात्री झोपताना घ्यायचं औषध या महाशयांनी सकाळीच बाटलीला तोंड लावून ढोसलं. वर तापाची गोळी, जिच्यातलं औषध त्या बाटलीत आधीच असतं. मी म्हटलं, "मास्तर, बाटलीवर लिहिलंय, याने झोप येते, मशीन चालवू नका."

"ते घाबरटांसाठी लिहितात," म्हणाले.

अकरा वाजता आमचे शूरवीर कापडाच्या थप्पीवर घोरत होते आणि शेजारी कापायचं मशीन चालूच. मी बटण बंद केलं म्हणून बोटं शाबूत राहिली.

त्यांची जिरवायची म्हणून मी बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी होतं, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तिथे माझीच जिरली. रक्तदाब असलेल्या आपल्या बाबांना मी त्याच औषधाची बाटली पाठवली होती, एक अक्षर न वाचता.

लगेच घरी फोन केला. बाबांनीच उचलला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "ते घाबरटांसाठी लिहितात रे," आणि फोन ठेवून दिला.

म्हणून तुला लिहितोय. बाटली लपवू नकोस, ते शोधून काढतील. ओतून टाक.

मास्तरांहून दीडशहाणा,
तुझा भाऊ