बदलीसाठी प्रार्थना

५ सप्टेंबर

प्रिय चिमणे,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बाबांच्या पाठीवरची जखम भरत आली हे वाचून बरं वाटलं. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतेस, तेही एकटीनं. तुझ्या पाठीचं काय होत असेल ते मला इथे बसून कळतं.

इथे सगळं ठीक. ग्रंथालयाच्या तळघरातून जुन्या पुस्तकांचा एक ढीग वर आला आहे, कसर लागलेला. आमच्या बांधणीच्या खोलीत त्या वासानं सगळे नाक धरून आहेत, आणि मी मात्र खूश. काल एका जाडजूड पुस्तकाची पानं सोडवून पुन्हा शिवली, पाठीला नवं कापड लावलं. साहेब म्हणाले, “बाई, याला आता शंभर वर्षं मरण नाही.” तेवढ्यावर माझा दिवस गोड झाला.

आता मुद्द्याचं. नर्सिंग शाळेच्या बाईंनी तुला स्पष्ट लिहिलं आहे, की दोनदा जागा सोडलीस, या वेळी १ ऑक्टोबरला हजर झाली नाहीस तर पुन्हा अर्ज घेणार नाहीत. वाचलं. तीनदा वाचलं. माझी ग्रंथालयाच्या तिकडच्या शाखेत बदली झाली तरच तुला घरातून पाय काढता येईल, हे काय मला ठाऊक नाही? बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनेत मी ऑगस्टपासूनच हा विषय मांडला आहे. बाराजणी मनापासून मागताहेत. आमची शिवणबाई तर अशी प्रार्थना करते, की देवालाच कामांची यादी लिहून देते आहे असं वाटावं. काल तिनं शाखेचा पत्ता पिनकोडसकट सांगितला.

धीर धर. प्रभूच्या मनात असेल तेव्हा होईल. आपण उतावीळ होऊन उपयोग नाही.

बाबांना माझा सलाम सांग. ऐकू आलं असं वाटलं तर.

तुझी,
ताई


१२ सप्टेंबर

प्रिय चिमणे,

सलाम. तुझं पत्र म्हणजे चपराकच होती. “देवाची इच्छा तुला कळली की मलाही कळव, मी बॅग खाली काढून ठेवली आहे.” असं लिहितात थोरल्या बहिणीला? आई असती तर तुझा कान धरला असता. मग माझाही धरला असता, ते सोड.

तू विचारतेस, मी ऑफिसात चौकशी केली का. अगं, सरकारी कागद आहेत ते, आपल्या पावलांनी चालतात. मी रोज दारात उभी राहून काय होणार? आपण मागायचं आणि वाट बघायची, एवढंच आपल्या हातात असतं.

तिकडच्या शाखेत बांधणीची खोली नाही, हे तुला माहीत आहे ना? खिडकीत बसून दिवसभर शिक्के मारायचे. तक्रार करत नाही, नुसतं सांगते. बावीस वर्षं मी हे काम केलं आहे. डोळे मिटून सुईत दोरा ओवते.

आणि बाबा. सहा वर्षांत मी नऊदा आले. नऊही वेळा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर माझ्यावरून पुढे दाराकडे नेली, तुला शोधत. मी चमचा पुढे केला की तोंड मिटतात. अर्धांगवायूनं अर्धं अंग गेलं, पण हट्ट पुरा शाबूत आहे. ते माझ्या हातचं खाणारच नाहीत तर मी येऊन करू काय? विचारते आहे, भांडत नाही.

बायकांनी आता बुधवारी उपास करायचं ठरवलं आहे, माझ्या बदलीसाठी. मी नको म्हटलं. शिवणबाई म्हणाली, “तू गप्प बस, हे आमचं आणि देवाचं आहे.”

फोन करू नकोस. बांधणीच्या खोलीत नीट ऐकू येत नाही.

ताई


२० सप्टेंबर

चिमणे,

तुझे चार फोन आले. चारही वाजू दिले. बांधणीच्या खोलीत फोन अगदी स्वच्छ ऐकू येतो.

बदलीचा हुकूम २ सप्टेंबरला आला.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्याले, खिडकी लावली आणि परत आले. हुकूम २ तारखेला आला, चिमणे. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो माझ्या पिशवीत होता. पंधरा दिवसांत संमतीपत्रक भरून द्यायचं होतं. एक सही. ती मी केली नाही, नकारही दिला नाही. रोज सकाळी म्हणायची, प्रभू, तुझी इच्छा काय ते दाखव. त्यानं दाखवली होती, शिक्क्यासकट. मला ती नको होती, म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्याचं उत्तर बदलेल असं वाटत होतं.

आणि बुधवारी तीच पिशवी मांडीवर घेऊन बायकांमध्ये बसत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. मी कळसा काखेत धरून वळसा त्या बाराजणींना घालायला लावला. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य आलं की मला खोकला यायचा. आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी खडीसाखर आणून दिली.

परवाच्या बुधवारी शिवणबाई पडली. तिला साखरेचा आजार आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ती उपास करणार नाही असं प्रत्येकीनं गृहीत धरलं होतं. माझ्याच नावानं मागता मागता शब्द अडखळायला लागले, घाम फुटला आणि ती बाकावरून खाली गेली. डोकं माझ्या पायावर आपटलं. कुणी साखरपाणी आणलं, मी तिच्या जिभेवर चमच्यानं घातलं. अर्धं तिच्या गळ्यावर सांडलं. दहा मिनिटं, चिमणे. मला वाटलं, मी हिला मारलं. मग तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं माहीत आहे? “आला का गं तुझा कागद?”

मी तिथेच सगळ्यांसमोर पिशवीतून काढून दाखवला. एकीनं पाठ फिरवली. शिवणबाई आडवी पडल्या पडल्याच म्हणाली, “म्हणजे मी उगीच उपाशी राहिले की काय?” आणि हसायला लागली. ती हसली तेव्हा मला रडू फुटलं.

काल सकाळी सही करून ऑफिसात गेले. कारकुनानं तारीख बघितली. मुदत १७ ला संपली होती, जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. जिना उतरताना मी तुला लिहायचं पत्र मनात जुळवत होते: मी सही केली होती गं, पण प्रभूनंच दार बंद केलं. असं वाक्य मला सहज सुचतं, आता तुलाही माहीत झालं असेल.

तेच वाक्य मी पाळकबाईंना म्हणून दाखवलं. त्या भांडी पुसून परातीत ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दार पंधरा दिवस उघडं होतं. देवाच्या नावावर तुझा उशीर खपवू नकोस.” मग ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “त्याला काय हवं ते तुला कधीच कळलं होतं. तुला ते आवडलं नाही, एवढंच. मग तसं तरी सांग त्याला.”

मी सांगितलं. घरी येऊन, खुर्चीत बसून, मोठ्यानं. म्हटलं, मला जायचं नाही. मला बाबांच्या त्या खोलीची भीती वाटते. मला माझं काम सोडायचं नाही, आणि धाकटीनं सहा वर्षं जे केलं ते मला सहा दिवस जमणार नाही. कित्येक महिन्यांत एवढं खरं मी त्याच्याशी बोलले नव्हते. शेजारी कुणीतरी नळ चालू केला, तेवढाच आवाज.

आज दुपारी राजीनामा दिला. शिल्लक रजा नोटिशीत धरली, म्हणून लगेच सुटता आलं. साहेब आधी चिडले, मग चष्मा पुसत बसले. मी माझी सुई तेवढी मागून घेतली.

तू हे वाचून मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. तुझे अठरा दिवस मी खाल्ले, आणि आधीची सहा वर्षंही थोडीथोडी. बाबांना खरं काय ते सांग, ताईला देवानं पाठवलं वगैरे म्हणू नकोस. त्यांनी तोंड मिटलं तर मी चमचा धरून बसेन. किती वेळ बसवेल, माहीत नाही.

२८ तारखेला सकाळच्या गाडीनं पोचते. मला घ्यायला येऊ नकोस, बॅग भर. दोन दिवसांत मला सगळं शिकव: जखम कशी पुसायची, कुशीवर कसं वळवायचं, कुठल्या गोळीनंतर कुठली. मी नीट ऐकेन. मग १ तारखेला तू मागं न बघता जा.

मला अजूनही यायचं नाही, चिमणे. तिकीट काढलं आहे.

तुझी,
ताई