मलिदा कालवणारे हात

माय,

त्या गुरुवारी सकाळी मी दत्ताच्या मंदिरात परातीपुढे बसून मलिदा कालवत होतो आणि सदऱ्याच्या खिशात जंताच्या गोळ्या होत्या. आदल्या दिवशी घनसावंगीहून आणलेल्या. भरल्या पोटी घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि माझा तर उपास.

दोन महिने पोट मुरडत होतं. लोकांना सांगितलं, अकरा गुरुवार धरलेत. मनात मात्र तुझाच उपाय होता. लहानपणी तू चुलीपुढे बसवून आधी गुळाचा खडा द्यायचीस, "जंत गोळा होऊ दे गुळाला," आणि मग कडू वावडिंग. मी तोंड फिरवलं की म्हणायचीस, "गिळ जल्दी. न्हाई तर दोन दिस उपाशी ठेवीन, त्यालाबी अन् तुलाबी." ते डोक्यात राहिलं. मी त्याला उपाशी मारायला निघालो होतो.

तपासणीत चपट्या जंताची अंडी निघाली. मी म्हणालो, मी मांसाला शिवतसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, मांसातून येतो तो वेगळा. हा बुटका, हातावाटे तोंडात जातो. आणि उपाशी तुम्ही राहिलात, तो नाही." गोळी लागली की त्याचं अंग आखडतं, कातडी फाटते, आतड्यावरची पकड सुटते आणि तो शौचावाटे निघून जातो. काही दिवसांनी पुन्हा तपासणी, लागलं तर पुन्हा गोळ्या.

एवढं ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी परातीपुढे बसलोच. नेम कसा मोडायचा? पोळ्या कुस्करतोय, गूळ चोळतोय, आणि "हातावाटे" हा एकच शब्द डोक्यात फिरतोय. बाहेर शाळेची पोरं ओंजळ करून रांगेत उभी आहेत. मलिदा काही पुन्हा चुलीवर चढत नाही.

मी हात काढून घेतले. पुजारीबुवांना म्हणालो, "हे पोरांना देऊ नका. माझ्या पोटात जंत हैत."

"हळू बोला, बाया ऐकून राह्यल्या."

"ऐकलं की," तूप कढवणारी वहिनी म्हणाली. "जंत कोणाला होत न्हाईत, भावजी? हात तर साबणानं धुतले व्हते ना?"

मी गुळाने माखलेले हात पाठीमागे नेले. तिनं परात उचलली आणि दुसऱ्या दाराने नेली. पोरांना त्या दिवशी नुसती खडीसाखर मिळाली. मलिदा मी स्वतः खड्डा करून पुरला.

तू गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून हे हात देवाचेच, असं धरून चाललो होतो, आणि देवाच्या हातांना साबण कशाला? हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहितोय, कारण हे वहीतच राहणार.

त्या दुपारी उपास मोडला. दोन भाकरी खाल्ल्या आणि गोळ्या गिळल्या.