शिशाच्या अ‍ॅप्रनचे पट्टे

मंगळवार, ९ डिसेंबर

हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझ्या हाताखालच्या स्वप्नालीला दिवस गेले आहेत. तिसरा महिना सरत आलाय. आणि आमच्या एक्स-रे विभागातला जो शिशाचा अ‍ॅप्रन ती पोटावर बांधते, त्याचे पट्टे मी महिन्यापूर्वी बदलून आणले. कोणाला न विचारता! त्या शिलाईने आतल्या शिशाला भोकं पडली असतील तर?

जेवणाच्या सुट्टीत तिने हळूच सांगितलं. "मॅडम, डॉक्टरांना एवढ्यात बोलू नका बरं का. गेल्या साली असंच सगळ्यांना पेढे वाटले, अन् पंधरा दिवसांत गेलं."

मी म्हटलं, "बरं. डबा संपव." एवढंच सुचलं.

बुधवार, १० डिसेंबर

झोप लागली नाही. नीट आठवून लिहिते.

ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र असतं, सी-आर्म. ते मी किंवा स्वप्नाली चालवते. रोग्याच्या अंगावरून किरण उसळून आपल्या अंगावर येतात. ते अडवायला अ‍ॅप्रनच्या आत शिशाचा थर. वजन असं की सगळा भार मानेवर. दोन ऑपरेशनं झाली की माझा उजवा हात वर जात नसे. डॉक्टरांना नवा मागितला. "बघू मॅडम, पुढच्या महिन्यात." तो महिना काही उजाडला नाही. म्हणून दिवाळीनंतर मीच पिशवीत घालून सुंदररावाकडे नेला. तो बाजारात बॅगा, चेनी दुरुस्त करतो. मानेचे पट्टे रुंद करा, पाठीवर फुलीसारखे घ्या, आणि भार कमरेवर यावा म्हणून पुढून एक पट्टा लावा — एवढं सांगून भाजी आणायला गेले. शिलाई कडेलाच घ्या, हे बोलले का? बोलले असेन. नसेनही.

परत आले तेव्हा काम झालेलं. "घाला बरं म्याडम. लई हलकं वाटंल." खरंच हलकं वाटलं! दुसऱ्या दिवशी स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, पाठ वाचवली माझी." मी खूश. रेक्झिनवर सुईच्या दोन रांगा दिसत होत्या, सरळ पोटावरून. दिसत होत्या, आणि मी त्यांना छान म्हणत होते. बी.एस्सी. फिजिक्स!

गुरुवार, ११ डिसेंबर

आज तिला सी-आर्मवर जाऊ दिलं नाही. "मी जाते" म्हटलं. तिला वाटलं मी चिडलेय. दिवसभर माझ्यासमोर दबकत वावरली.

शुक्रवार, १२ डिसेंबर

दुपारी विभाग रिकामा होता. अ‍ॅप्रन टेबलावर पसरला, माणसाची काढतो तशी त्याची फिल्म काढली. शिसं शाबूत असेल तिथे पांढरं यायला हवं.

पांढऱ्यात काळ्या ठिपक्यांच्या दोन रांगा आल्या. उजवीकडे ठिपके एकमेकांत फाटत गेलेले, बोटभर चीर. बरोब्बर पोटावर.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोडलेल्या हाडांच्या फिल्मा बघते, ही तीनदा उजेडात धरून बघितली. दारात कोणीतरी "मॅडम, पेशंट आलाय" म्हणालं. "थांबायला सांगा!" मी ओरडले.

शनिवार, १३ डिसेंबर

सुंदररावाला जाऊन झापलं. तोंडाला येईल ते बोलले. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"म्याडम, तुमीच म्हनलात पक्कं शिवा, तुटाय नगं. आत शिसं हाय ते मला कुनी सांगितलं?"

कोणीच नाही. मीच नाही. शेजारच्या टपरीवरचे दोघे चहा हातात धरून ऐकत होते. तशीच निघून आले.

रविवार, १४ डिसेंबर

संभाजीनगरला तानाजीला फोन लावला. माझ्याबरोबर शिकलेला, आता मोठ्या हॉस्पिटलात किरणांची सुरक्षितता तपासतो. सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"ताई, बोटभर चिरेतून फार येत नाही. ती यंत्रापासून दोन पावलं लांब असते ना? बाकीचा अ‍ॅप्रन तर अडवतोय. घालत होती हे महत्त्वाचं. छातीवरच्या किरण मोजणाऱ्या बॅजचा अहवाल आला की नक्की कळेल."

तो अहवाल मार्चमध्ये येतो. मार्चमध्ये!

"आणि ताई, तिला सांगा. तुमच्याआधी तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

सोमवार, १५ डिसेंबर

नाही सांगितलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "आज दिवसभरात मला एकदाही बोलणी बसली नाहीत. तब्येत बरी नाही का तुझी?" मोहनरावांना एक शब्द सांगितला की बँकेतल्या सगळ्या जुन्या मित्रांना तो कळतो. "बरी आहे" म्हटलं, "टॉवेल उचला पलंगावरचा." त्यांना हायसं वाटलं.

आपल्याला कशाची भीती वाटते हे स्वतःला तरी नीट विचारावं. बाळाची. आणि तिने माझ्याकडे कसं बघावं, याची. दुसरी लिहायला लाज वाटते, पण आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज ठरवून गेले होते. तोंड उघडणार तोच तिने पर्समधून प्रसादाची पुडी काढली. सासू कपिलधारला दर्शनाला जाऊन आली होती. "तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवला, मॅडम. आई म्हणतात, त्या मॅडमच्या हाताखाली हाईस म्हणून आमाला घोर न्हाई."

प्रसाद घेतला. तोंडात टाकला. गिळताना घशात अडकला. ती पाणी आणायला धावली. मी ओरडले, "धावू नकोस!"

थांबली, आणि हसली. "तुम्ही तर माझ्या आईच्या वरताण!"

उद्या. उद्या सांगितलं नाही तर राजीनामा द्यायचा.

बुधवार, १७ डिसेंबर

सकाळी तिला एक्स-रेच्या खोलीत बसवलं, दार लावलं, सगळं सांगितलं. फिल्म दाखवली. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवत चिरेपाशी आणलं. मला वाटलं आता रडेल, किंवा बोलेल मला.

"मॅडम, पट्टे बदलायच्या आधी तर मी तो घालतच नव्हते. मानेला लई रुतायचा. तुमच्या चपलांचा आवाज आला की चढवायचे."

दुपारी दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या हातात दिलं: अ‍ॅप्रन. त्याची फिल्म. आणि पट्टे बदलायच्या आधी ती अ‍ॅप्रन न घालता ज्या ऑपरेशनांना उभी राहिली, त्यांच्या तारखा. तिने सांगितल्या, मी लिहिल्या.